उर्सुलाचे खांदे

उर्सुला जळाली तेव्हा आम्ही कोणीच तिथं नव्हतो. एव्हरार्ड आणि मी पोहोचलो तेव्हा चर्चच्या सभागृहामागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपातून धूर निघत होता. बारीक आणि सरळ, वरून कुणीतरी दोरा ओढून धरल्यासारखा. टँटी फिलो डोक्याला फडकं बांधून फरशी झाडत होती. कपाळावर राखेचा क्रूस. उजाडताच प्रार्थनेला जाऊन आली होती ती.

"या," ती म्हणाली. "पाय पुसून आत जा. सगळं लख्ख केलंय."

एव्हरार्डनं बूट पुसले. बार्बाडोसचा माणूस तो. घर पेटलं तरी आधी बूट पुसेल आणि मग पाणी आणायला धावेल. तो आत गेला. मी दारातच थांबले, कारण आतला त्याच्या पावलांचा आवाज एकदम बंद झाला. मग तो बाहेर आला. जिना उतरताना शेवटची पायरी पायाखाली लागू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"टँटी, उर्सुला कुठंय?"

टँटीनं झाडूच्या दांड्यानं पिंप दाखवलं.

"कालची सगळी सोंगं काढली," ती म्हणाली. "वटवाघळं, सैतान, खलाशी, सगळी. चित्रांना हात लावला नाही हं. त्यांच्यावरची धूळ तेवढी पुसली."

एव्हरार्ड पिंपाकडे गेला नाही. तो अंगणाच्या मध्ये उभा राहिला आणि त्यानं टाय सारखा केला. थोड्या वेळानं पुन्हा सारखा केला. मी गेले. पिंपात राखेच्या गादीवर काळ्या तारांचा गुंता होता आणि त्या गुंत्यातून एक हात वर आला होता, कोपरात किंचित वाकलेला. तो हात मी ओळखत होते. त्याच्यावरच्या कागदाला मीच खळ लावली होती.

आणि त्याच दुपारी मिस हॅलम तिला न्यायला येणार होती.

आम्ही शुक्रवारची मंडळी. एव्हरार्डच्या तळघरातल्या खोलीत दर शुक्रवारी जमायचो. एव्हरार्ड दिवसा टपालाच्या थैल्या फोडायचा आणि रात्री कादंबरी लिहायचा. जमैकाचा क्लोव्हिस बसवर कंडक्टर होता. त्याच्या कविता तिकिटांच्या पाठीवर जन्मायच्या, त्यामुळे त्या लांबीला कमी आणि चिडलेल्या असायच्या. मी लिस्ट्रा, त्रिनिदादची, इस्पितळातली नर्स. माझी गाणी मला चादरी बदलताना सुचतात. घरी असताना आमची बेटं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. जमैकावाले बाकीच्यांना 'छोटी बेटं' म्हणायचे, बार्बाडोसवाले जमैकावाल्यांना 'गलका' म्हणायचे, आणि आम्ही त्रिनिदादवाले सगळ्यांनाच हसायचो. लंडनच्या थंडीनं आम्हाला एका रॉकेलच्या शेगडीभोवती आणून बसवलं. कुणाच्या घरी कुणाला वाचायला परवानगी नव्हती, कुणाच्या भिंतीवर खिळा ठोकू देत नव्हते. एव्हरार्डची घरमालकीण बहिरी होती. साहित्याचं एवढं भलं आणखी कुणी केलं नसेल.

उल्रिक पँटिन आमच्यात सगळ्यात मुका. त्याचे वडील पोर्ट ऑफ स्पेनला, बेल्माँटच्या चढावर, कार्निव्हलची सोंगं घडवायचे. हातात पक्कड आणि तार. त्यातून गरुड उभा राही, गलबत उभं राही. लोक ते खांद्यावर घेऊन सोमवार-मंगळवार रस्ताभर नाचत आणि राखेच्या बुधवारी सकाळी जिथं थकले तिथं टाकून चर्चची वाट धरत. नाचवून झालेलं सोंग आमच्याकडे कुणी घरात ठेवत नाही. उपासाचे दिवस सुरू झाले की ते पाहणंही बरं वाटत नाही. मोडावं, जाळावं, तार सरळ करून खुंटीला लावावी. उल्रिकनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. बापाचं वर्ष गटाराच्या कडेला पडलेलं, आणि त्याच्यावर कोंबड्या चढलेल्या.

"मी टिकणारं करीन," असं म्हणून तो बोटीत बसला. इथं दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात आणि संध्याकाळी कलाशाळेत. कुणी त्याला सोंगवाला म्हटलेलं खपायचं नाही. "मी शिल्पं करतो," तो म्हणायचा, दार हळूच लावून घ्यावं तसा.

त्याची आई उर्सुला वारली तेव्हा तो इथंच होता. बातमी पोहोचली तोवर माती होऊन गेली होती. त्या शुक्रवारी तो तारेचं वेटोळं घेऊन आला आणि काही न बोलता कोपऱ्यात बसला. बाकीचे वाचत होते, भांडत होते, आणि तो तार वळवत होता. शुक्रवारांमागून शुक्रवार त्या कोपऱ्यात एक बाई उभी राहत गेली, माणसाहून उंच, पाण्यावरून चालत आलेली, एक हात वर केलेला, घाटावर थांबलेल्या कुणाला तरी दिसावा म्हणून. अंगासाठी त्याला कागद हवा होता. आम्ही आमचे फाडलेले खर्डे दिले. ते भिजवून, कुटून, खळीत मळून त्यानं तिला कातडी दिली. क्लोव्हिसच्या कविता तिच्या केसांत गेल्या, माझी गाणी गळ्यापाशी. एव्हरार्डच्या कादंबरीचं तिसरं प्रकरण तिच्या डाव्या गुडघ्यात होतं.

"तिथंच ते पहिल्यांदा उभं राहिलं," क्लोव्हिस म्हणायचा.

उर्सुलाची धाकटी बहीण फिलोमेन उल्रिकचं घर सांभाळायला बेटावरून आली ती मागच्या पानगळीत. मावशीला आमच्याकडे टँटी म्हणतात, आणि टँटी लाडक्या पोराला दूदू म्हणते. ती उल्रिकची टँटी, म्हणून आमची सगळ्यांची. येताना तिनं पिशवीतून तिखट आणलं, सरबतासाठी सोरेलची वाळकी फुलं आणली, आणि भावोजींची जुनी पक्कड आणली. उल्रिकनं तिखट घेतलं, पक्कड घेतली नाही. त्याच्याकडे दुकानातली नवी होती.

मग एका शुक्रवारी मिस हॅलम आली. एका मोठ्या कलादालनात वसंतातल्या प्रदर्शनासाठी ती कामं निवडायची. अर्धी झालेली उर्सुला तिनं फिरून फिरून पाहिली आणि म्हणाली, "पूर्ण करा. मी न्यायला येते." आमच्यापैकी कुणाचंही काही तोवर त्या दारातून आत गेलं नव्हतं. एव्हरार्डनं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून रमची बाटली उघडली. एक आत गेला की दार उघडं राहतं, असं त्याचं गणित होतं. "मग माझी कादंबरी, मग लिस्ट्राची गाणी, मग देव कृपा करो, क्लोव्हिससुद्धा," तो म्हणाला.

ती येणार होती तो बुधवार. आम्ही मंगळवारसाठी सभागृह मागून घेतलं, चित्रं टांगली, उर्सुलाला टोकाच्या भिंतीशी उभी केली, आणि दुपारी वाचन ठेवलं. पण तो मंगळवार कार्निव्हलचा होता. बाहेर बर्फ आणि चिखल, आणि आत आलेला प्रत्येक जण कोटाखाली काहीतरी लपवून आला होता: पुठ्ठ्याचे पंख, शेपटी, खलाशाची टोपी. एव्हरार्ड चौथं प्रकरण वाचत होता तेव्हा कुणीतरी बिस्किटाच्या डब्यावर बोटं वाजवली. बिचारा पान उलटायला थांबला, आणि ते थांबणं पुरलं.

सगळे नाचत होते, उल्रिक सोडून. तो हाताची घडी घालून उर्सुलाच्या बाजूला उभा, पहारेकऱ्यासारखा. तेवढ्यात टँटीनं स्वर लावला. ते गाणं उर्सुला कपडे धुताना म्हणायची, असं तिनं मला आधी सांगितलं होतं.

कोण गं आली पाण्यावरनं,
पायाला वाट ना, डोईला घर,
चालू दे, चालू दे, उतरू नको,
खांदा दे बाळा, घे खांद्यावर.

उल्रिकची घडी सुटली. तो वळला, वाकला, उर्सुलाच्या खाली शिरला आणि उभा राहिला. ती त्याच्या खांद्यांवर बसली, घागर कमरेवर बसावी तशी. आम्ही सगळे नाचायचं विसरलो. डबा वाजवणारा तेवढा वाजवत राहिला. ती बाई त्या सभागृहात चालली, वर केलेला हात हलवत, अंगातले आमचे सगळे शब्द सळसळवत. खाली तिच्या मुलाचे पाय होते आणि ते पाय बेल्माँटचे होते.

हे झालं मंगळवारी. आणि आता बुधवार होता आणि पिंपातून एक हात वर आलेला होता.

क्लोव्हिस आला तो कालच्याच कपड्यांत, डोळे बारीक करून. "छोट्या बेटांची मंडळी आज वेळेवर," तो म्हणाला. "चहा आहे का, टँटी? माझ्या डोक्यात अजून कुणीतरी डबा वाजवतंय."

"क्लोव्हिस, गप्प बस," एव्हरार्ड म्हणाला.

"का? कोण मेलंय?"

मी त्याला बाहीला धरून पिंपापाशी नेलं. क्लोव्हिस गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. टोपी काढून तो ती हातात फिरवत राहिला, आणि मग टँटीकडे पाहून फार हळू म्हणाला, "म्हातारे, हे तू काय केलंस?"

"काय केलं?" टँटी म्हणाली. "तुमच्या जमैकात नसेल रीत. आमच्यात आहे."

फाटक वाजलं. उल्रिक. एव्हरार्डचा मागून घेतलेला कोट, नुकतीच केलेली दाढी, आणि हातात वार्निशचा छोटा डबा. उर्सुलाच्या पापण्यांवर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. आमचे चेहरे बघून तो थबकला, मग आमच्या मधून चालत पिंपापाशी गेला. बराच वेळ आत बघत राहिला. डबा खाली ठेवला, अगदी जपून, सांडू नये असा.

"कुणी?"

"मी," टँटी म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? बुधवार आहे."

"ते सोंग नव्हतं."

"काल नाचवलंस ना?"

"ते सोंग नव्हतं, टँटी." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ती बाई आज तिला न्यायला येणार होती. तुला मी सांगितलं होतं. रविवारी सांगितलं, जेवताना."

"सांगितलं होतंस. तेव्हा ती नाचली नव्हती. नाचलेलं सोंग दुसऱ्या दिवशी कुणाच्या दिवाणखान्यात उभं करतात का? खांद्याला कड्या होत्या तिला."

"त्या टेकूसाठी होत्या. भिंतीला टेकवायला."

टँटीनं झाडू भिंतीला लावला. "टेकूच्या कडीला आतनं लोकर गुंडाळतं का कुणी, दूदू? मानेला तार लागू नये म्हणून? मी हात घालून बघितलं. मफलर होता. निळा."

माझ्या डोळ्यांसमोर तो निळा मफलर आला. बसमध्ये राहिला म्हणून उल्रिक सांगायचा, आणि सगळा हिवाळा उघड्या गळ्यानं खोकायचा. तिला आपण खांद्यासाठीच घडवली, हे त्याला स्वतःलाही त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. आपल्या माघारी कुठं जाऊन आलेल्या मुलांकडे बघावं तसं.

मग तो म्हणाला, "तू यायलाच नको होतंस. तिथंच राहायचं होतंस तुझ्या कोंबड्यांत."

क्लोव्हिसनं मान खाली घातली. टँटीचं तोंड मिटलं, पण ती हलली नाही.

हे थांबवावं म्हणून एव्हरार्ड मध्ये पडला. मायेनंच बोलला तो. "टँटीला कळलं नसेल, उल्रिक. सकाळचा अंधार, सगळी सोंगं एका ढिगात. तिला ओळखू आलं नसेल कोणतं काय."

"काय ओळखू आलं नसेल?" टँटी म्हणाली. "माझी बहीण?"

शेजारच्या आवारात कुणीतरी कोळशाची पाटी ओतत होतं.

"पहिल्या दिवशीच ओळखली तिला. तुमच्या त्या तळघरात. हनुवटीखालचा तीळ तेवढा विसरला होता हा." ती एव्हरार्डशी बोलत होती, बघत होती उल्रिककडे. "बाकीची सोंगं मी पायानं मोडली आणि भरली त्यात. तिला नाही. तिला हातांनी उचलली. आधी सगळं जाळून घेतलं, पिंप रिकामं केलं, पुसलं, मग तिला ठेवली. जळेस्तोवर उभी होते. गाणं म्हटलं."

"जाणून," उल्रिक म्हणाला. "जाणून केलंस."

"तिच्या मातीला सगळे आले होते. फादरनं विचारलं, मुलगा कुठंय. म्हटलं, येतोय. प्रत्येकानं मूठ मूठ टाकली. मी माझी टाकली आणि तुझ्या वाटची दुसऱ्या हातात धरून उभी राहिले. लोक गेले. खणणारे म्हणाले, बाई, आम्हाला घरी जायचंय. मी म्हटलं, जा. ती माती हातात घामानं चिकट झाली, दूदू. मी टाकलीच नाही. तुझी होती ती, मी कशी टाकू? घरी आणली. कुंडीत ओतली." तिनं नाक पुसलं. "काल तू तिला खांद्यावर घेतलंस. शेवटी घेतलंस. माझ्या मनात आलं, आता झालं, आता ही जाऊ शकते. आणि आज तिला पुन्हा एका पेटीत घालून कुणाच्या तरी दालनात उभी करून ठेवायची? लोक तिकीट काढून बघणार? किती दिवस उभी राहील ती तिथं हात वर करून?"

उल्रिक वळला. मला वाटलं, तो फाटकातून निघून जाणार. पण त्यानं दोन्ही हात पिंपात घातले आणि ती बाहेर ओढली. राख उडाली, एव्हरार्डच्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या. उर्सुलाचा सांगाडा त्यानं भिंतीशी उभा केला. चेहरा नव्हता, कातडी नव्हती, एक गुडघा वितळल्यासारखा आत मुडपला होता. पण चाल तीच होती, आणि हात वरच होता. त्यानं घाम पुसला आणि त्याच्या कपाळावर काळा पट्टा उठला.

आणि तेवढ्यात सभागृहातून टाचांचा आवाज आला. मिस हॅलम वेळेच्या आधी आली होती.

एव्हरार्ड पुढे झाला. "मिस हॅलम, आम्हाला फार खेद..." एवढंच त्याला म्हणता आलं. ती त्याच्या बाजूनं पुढे आली आणि सांगाड्यासमोर उभी राहिली. तिनं हातमोजे काढले. तिचा श्वास थंडीत दिसत होता, आणि तो भरभर येत होता.

"तुम्ही तिला जाळलीत," ती म्हणाली.

कुणी नाही म्हटलं नाही.

"विलक्षण आहे हे. मागच्या वेळी ती सुंदर होती, पण ही..." तिनं हात पुढे केला आणि न लावता मागे घेतला. "मिस्टर पँटिन, असं धाडस मी या वर्षात कुठं पाहिलेलं नाही. हिला मी मधल्या दालनात ठेवणार. अशीच. राखसुद्धा झटकू नका. गाडी बाहेर उभी आहे."

क्लोव्हिसनं माझं मनगट धरलं. एव्हरार्डचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला त्याच्यातला शाळकरी पोर दिसला. गेलेलं सगळं परत आलं होतं, होतं त्यापेक्षा मोठं होऊन. उल्रिकनं फक्त हो म्हणून मान हलवायची होती.

"नाव काय ठेवलंय?" मिस हॅलमनं विचारलं.

"उर्सुला."

"हो, पण प्रदर्शनासाठी काहीतरी व्यापक हवं. जळालेलं बेट. किंवा गलबतं, ती वाहतूक, तो सगळा इतिहास. ती सगळ्यांची आई आहे, नाही का? भूमी."

"नाही," उल्रिक म्हणाला. "माझी आई. लोकांचे कपडे धुवायची."

मिस हॅलम हसली, समजून घेतल्यासारखी. "अर्थात. नावाचं नंतर बघू. माझी माणसं बोलावू?"

उल्रिकनं टँटीकडे पाहिलं. टँटी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पायरीवर बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून, आणि त्या हातांत बघत होती.

"नाही देता येणार," तो म्हणाला.

"का बरं? काही अडचण आहे का?"

"बुधवार आहे."

मिस हॅलमनं आमच्याकडे पाहिलं, कुणी उलगडून सांगेल म्हणून. एव्हरार्ड पांढरा पडला होता. काळा माणूस पांढरा पडतो तो राखेसारखा. "उल्रिक," तो म्हणाला, "हे तुझ्या एकट्याचं नाही. आम्ही सगळे आहोत तिच्यात."

"माहीत आहे."

"मग एकदा विचार कर. एकदाच. दार उघडंय, बाबा. तिनं हातानं धरून ठेवलंय."

"टँटी," उल्रिक म्हणाला, "पक्कड कुठंय बाबांची?"

टँटीनं मान वर केली. मग एप्रनच्या खिशातून ती काढली. ती रोज तिच्या खिशात असायची, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उल्रिकनं ती घेतली, तळहातावर एकदा तोलली, आणि सांगाड्यापाशी जाऊन वर केलेल्या हाताचं मनगट पकडीत धरलं. दुसऱ्या हातानं कोपर दाबलं. तार कुरकुरली नाही. जळलेली तार मऊ होते. तो हात खाली आला, हळूहळू, थकलेल्या माणसानं आणावा तसा.

मिस हॅलमच्या तोंडून एक आवाज निघाला. पायाखाली काच फुटल्यावर निघतो तसा. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबली. नंतर तिनं हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत, आत जाऊन चित्रं पाहिली, चांगली आहेत म्हणाली, आणि गेली. गाडी सुरू झाल्याचं आम्ही ऐकलं. वळणापर्यंत ऐकलं.

एव्हरार्ड राख पडलेल्या पायरीवर बसला. फडक्यानं न पुसता. "प्रदर्शन गेलं," तो म्हणाला. "कोट गेला. तिसरं प्रकरण गेलं."

"तिसरं प्रकरण जाणं ही वाचकांवर दया आहे," क्लोव्हिस म्हणाला, पण त्याचा आवाज त्याला साथ देत नव्हता.

माझ्या कानात अजून ती गाडी होती. उल्रिक माझ्या समोर बसून आपल्या आईला सोडवत होता. गुडघा, कंबर, मान. एकेक तार मांडीवर घेऊन तो सरळ करत होता, आणि टँटी त्याच्या शेजारी येऊन बसली होती आणि सरळ झालेल्या तारा गोळा करत होती. मला वाटत होतं, आता कुणीतरी ओरडेल. मी तरी ओरडेन. ही एवढी मोठी गोष्ट हातातून गेली आणि अंगणात फक्त पकडीचा आवाज. टँटी तेच गाणं गुणगुणत होती, शब्द सोडून.

शेवटी खांद्याच्या कड्या तेवढ्या राहिल्या. मफलर जळून गेला होता. लोकरीचा वास मात्र राहिला होता. उल्रिकनं एक कडी पकडीत धरली, सरळ करायला, आणि थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग आजूबाजूला पाहिलं, माप शोधत असल्यासारखं. माझ्यावरून त्याची नजर गेली, क्लोव्हिसवरून गेली.

"एव्हरार्ड," तो म्हणाला, "इकडे ये."

"कशाला?"

"उभा राहा. सरळ."

"मी नाचत नाही," एव्हरार्ड म्हणाला. "तुला माहीत आहे मी नाचत नाही. आणि आज तर मी तुझ्याशी बोलतसुद्धा नाही."

"बोलू नकोस. उभा राहा."

तो उभा राहिला. का राहिला, कोण जाणे. टाय बांधलेला, विजारीची बैठक राखेनं माखलेली. उल्रिकनं त्या दोन कड्या त्याच्या खांद्यांवर ठेवल्या, मागे गेला, पुढे आला, एक बोटभर आत वळवली. बार्बाडोसचे ते ताठ खांदे त्या काळ्या तारांखाली आणखी ताठ झाले.

"तू काही वाकणार नाहीस. पुढच्या वर्षी तुझ्यावर चढवायची म्हणजे तिलाच खाली वाकायला लागेल," क्लोव्हिस म्हणाला. यावेळी त्याचा आवाज जागेवर होता. एव्हरार्डनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"लागतंय का कुठं?" उल्रिकनं विचारलं.

एव्हरार्डच्या गालांवरून काहीतरी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात हलवता येत नव्हते.

"मानेपाशी," तो म्हणाला. "थोडं."

टँटीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि कडीला गुंडाळायला उल्रिकच्या हातात दिलं.